ईम गावची घरे



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; वाचले तेवढे सांगते.

इंग्लंडात डर्बीशायर परगण्यात ईम नावाचे डोंगराळ खेडे आहे. १६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून एका शिंप्याकडे कापड आले व गावात प्लेग शिरला. पुढल्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी वेस न ओलांडण्याचे ठरविले, शेजारची गावे वाचावीत म्हणून. बाहेरचे लोक वेशीवर धान्य ठेवीत. हे दगडाच्या खळग्यांत शिरका ओतून त्यात पैसे ठेवीत. एलिझाबेथ हँकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा व सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. पाद्रींच्या पत्नी कॅथरिन मुलांना दूर पाठवून स्वतः मागे राहिल्या, आणि गेल्या. सुमारे २६० माणसे दगावली.

चर्चजवळची त्यांतली काही दगडी घरे अजून उभी आहेत. बाहेर पाट्या आहेत, येथे कोण राहत होते, कोण गेले. चर्चच्या आवारात कॅथरिनबाईंची कबर आहे; तेथलाच कोरीव क्रूस हजार वर्षांहून जुना. गावाबाहेर हँकॉक कुटुंबाच्या कबरींभोवती दगडी कुंपण आहे.

भगिनींनो, आपल्याही जुन्या घरांत कोण नांदले, कोणी काय सोसले, हे मुलांना सांगत जावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.