तांबडी साय आणि आपले तलाव



१९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि समुद्रातले मासे लोकांना काचेआड पाहायला मिळाले. आज खाऱ्या पाण्याची अशी टाकी हौशी माणसे घरीही ठेवतात. तिच्या वाळूवर कधी तांबडी, बुळबुळीत साय धरते. तिला शेवाळ म्हणतात. वस्तुतः ते नील-हरित जीवाणू होत. अंगच्या तांबड्या रंगद्रव्यामुळे ते लाल दिसतात.

एरिथ्रोमायसिन घातले की साय मरते. पण पाणी निर्मळ राखणारे जीवाणूही त्यात मरू शकतात. शिवाय उरलेले खाणे आणि विष्ठा तळाशी तशीच राहिली, तर साय पुन्हा येते. म्हणून ती नळीने ओढून काढावी, थोडे थोडे पाणी बदलावे, खाणे बेताचे टाकावे, पाणी खेळते ठेवावे.

सिंदेवाहीकरांनी हे कशाला ऐकावे? याच कुळातले जीवाणू आपल्या धानाच्या बांधीत हवेतील नत्र जमिनीला देतात; पी. के. डे यांनी १९३९ साली ते दाखवून दिले. तेथे ते मित्र. पण मामा तलावात सांडपाणी आणि खत उतरले, की त्यांची हिरवी साय माजते. काही जाती विषारी असतात, आणि गुरे तेच पाणी पितात. मोरचूद टाकावे, तर मेलेल्या जीवाणूंतले विष पाण्यात सुटते. तेव्हा टाकीचाच धडा येथे लागू आहे: आधी सांडपाणी अडवा, गाळ काढा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. ते राखणे आपल्याकडे आले आहे.