सरांची वही
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक म्हणाले, डॉक्टर बोलले, बँकवाले बोलले, आता गॅरेजवाल्यानं बोलायचं. विषयही त्यांनीच दिला. आपल्या ग्रुपवर दर डिसेंबरला एकच प्रश्न येतो, "सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, काय करू?" म्हटलं, एकदाच सगळ्यांना सांगून टाकू. पण त्यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल. ती ज्यांच्या गाडीवर झाली ते आपले विज्ञानाचे सर पुढच्याच रांगेत बसलेत. त्यांना विचारूनच सांगतोय.

आधी साधी गोष्ट. किल्ली फिरवली की कान द्या. सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प बसला, किंवा रडत रडत फिरला, तर बॅटरी, टर्मिनल, अर्थिंगची वायर नाहीतर खुद्द सेल्फ बघायचा. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला शिव्या देऊ नका. दुखणं दुसरीकडं आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल मारताना साडेनऊच्या खाली घसरली तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं की चार्जिंग ठीक. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असली तर वायर सोडवून गरम पाण्यानं धुवा, ब्रशनं घासा, कोरडं करून आवळा. बऱ्याच जणांचं काम इथंच होतं आणि माझ्याकडं यावं लागत नाही.

आता सरांची गाडी. जुनी डिझेल. दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. काकूंचं डायलिसिस मिरजेला, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सातची वेळ. सहाला घर सोडायचं, उदगाव, अंकलीचा पूल, मिरज. सीझन चालू, म्हणजे रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्यामुळं वेळ हाताशी ठेवावा लागतो. आणि नेमकी सकाळी गाडी वीस-वीस सेकंद सेल मारल्याशिवाय उठेना. एकदा चालू झाली की दिवसभर काही तक्रार नाही.

सरांनी फोनवर सांगितलं आणि मी फोनवरच निदान केलं. थंडी, जुनी डिझेल, म्हणजे हीटर प्लग गेले! डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवतात आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. इंजिन गार असताना हीटर मदत करतो. म्हणून चारही हीटर बदलले. गाडी दोन दिवस माझ्या अंगणात होती, तिथं पहिल्या सेलला उठली. सरांकडं गेली, पुन्हा तेच. मग मी त्यांना नवी बॅटरी घ्यायला लावली. सेल्फ जोरात फिरत होता, तरीसुद्धा. आत्ता तुम्हाला जे सांगितलं ते मी स्वतःच पाळलं नव्हतं.

एका शनिवारी गाडी उठलीच नाही. सरांनी सहाला मला फोन लावला, मी झोपेत. शेवटी रिक्षा करून गेले. पोचेपर्यंत काकूंची पाळी गेली होती. दुपारी मशीन रिकामं होईपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या. संध्याकाळी सर गॅरेजवर आले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली.

वहीत रकाने आखलेले. तारीख, गाडी कुठं उभी होती, किती तास, किती सेकंद सेल, धूर. घरी रात्रभर : १५, १८, २२ सेकंद. सांगलीला मुलीकडं रात्रभर : २ सेकंद. धुराच्या रकान्यात सगळीकडं 'नाही'. सर म्हणाले, "अरे, थंडी सांगलीत पण तेवढीच आहे की."

मी खालीच बघत राहिलो. हीटर गेला असता तर डिझेल आत येऊन न जळता सायलेन्सरमधून पांढरा धूर म्हणून बाहेर पडलं असतं. धूर नाही म्हणजे डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नाही. मी एकदाही गाडीच्या मागं उभा राहिलो नव्हतो.

सरांचं घर रस्त्यापेक्षा उंच. गाडी रॅम्पवर, तोंड वर, टाकी मागं खाली. रात्रभरात पाइपातलं डिझेल टाकीकडं उतरत होतं. पण हवा आत आल्याशिवाय ते उतरणार नाही. सरांनी प्रयोगशाळेत पिपेट दाखवलं होतं, आठवतंय? वर बोट दाबलं की पाणी थांबतं, बोट काढलं की खाली. इथं बोट कोण काढत होतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांच्या दारात गेलो. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी जोडली आणि सेल मारला. नळीत नुसते बुडबुडे. फिल्टर सोडवला तर रबरी वॉशर चपटा, कडक झालेला. चार महिन्यांपूर्वी फिल्टर मीच बदलला होता आणि घाईत जुनाच वॉशर परत बसवला होता. डिझेल बाहेर गळत नव्हतं, म्हणून कुणाला दिसलं नाही. हवा मात्र आत शिरत होती. नवा वॉशर टाकला, हातपंप मारून हवा काढली. काही रुपयांचं काम.

सरांची जुनी बॅटरी गॅरेजमध्येच पडली होती. चार्ज करून बघितली, चांगली निघाली. तीच परत बसवली आणि नव्या बॅटरीचे पैसे परत केले. प्लगचे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "ते जुने होतेच, राहू दे." काकूंना भेटायला गेलो तेव्हा काय बोलावं सुचेना. त्यांनी साखर कमी चालेल का एवढंच विचारून चहा टाकला.

तेव्हापासून गॅरेजमध्ये एक वही टांगली आहे. गाडी सकाळी त्रास देते म्हणून कुणी आलं की आधी लिहून घेतो. रात्री कुठं उभी होती, सेल्फ कसा फिरतो, धूर कुठल्या रंगाचा. मगच बॉनेट.

बाहेर पार्किंगमध्ये तुमच्यापैकी दोघांच्या गाड्या मघाशी धक्का मारून आणलेल्या मी बघितल्या आहेत. जेवण झाल्यावर बघू. जेवायच्या आधी हात काळे करणार नाही.