नियमाची व्याप्ती



१९५८ साली अमेरिकेतील भाषाविदुषी जीन बर्को यांनी चार ते सात वर्षांच्या मुलांपुढे एका काल्पनिक पाखराचे चित्र ठेवले. त्याचे नाव ‘वग’. शब्द मुद्दाम रचलेला. मग तशीच दोन पाखरे दाखवून वाक्य अपुरे सोडले. बहुतेक मुलांनी ते ‘वग्ज’ म्हणून पूर्ण केले. हा शब्द त्यांनी पूर्वी ऐकलेला असणे शक्यच नव्हते. ऐकलेल्या इंग्रजीतून मनात तयार झालेला नियम त्यांनी अनोळखी शब्दाला लावला होता.

त्याच प्रयोगातील दुसरी गोष्ट क्वचित सांगितली जाते, आणि अध्यापनाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. ‘ग्लास’चे ‘ग्लासेस’ अचूक सांगणाऱ्या मुलांपैकी अनेकांना ‘टास’ या बनावट शब्दाचे अनेकवचन साधले नाही. ओळखीच्या शब्दात जमलेले नव्या शब्दापर्यंत पोचतेच असे नाही.

हे निष्कर्ष मराठी शाळेतील मुलांना कितपत लागू पडतात? ‘बसलं’, ‘हसलं’ ऐकणारे मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते, तेव्हा घरात त्याचे कौतुक होते. तेच मूल पुढे इंग्रजीत ‘फूट’चे ‘फूट्स’ करते, तेव्हा वहीवर लाल रेघ उमटते आणि माध्यम बदलण्याची चर्चा सुरू होते. इंग्रजी घरांतील मुलेही ‘फूट्स’ म्हणतच वाढतात, हे त्या चर्चेत कोणी सांगत नाही.

मात्र त्या मुलांइतक्याच सहजपणे ही मुलेही ‘फीट’पर्यंत पोचतील असे मानणे, हा निष्कर्ष नको तितका ताणणे होय. तेथे इंग्रजी दिवसभर कानांवर पडते. येथे घरी मराठी, परप्रांतात रस्त्यावर तिसरीच भाषा, आणि इंग्रजीच्या वाट्याला मोजक्या तासिका. ‘फूट्स’ लिहिणाऱ्या मुलाला नियम कळलेला असतो. अपवाद पुरेसा ऐकलेला नसतो. कोष्टक दहादा लिहून घेण्यापेक्षा त्याला उंची मोजायला लावावी, दोरीची लांबी विचारावी, गोष्ट वाचून दाखवावी. दिवसाकाठी पंधरा मिनिटांचे असे वाचन इंग्रजी न बोलणाऱ्या घरातही होऊ शकते. पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात आहेत.