वारकरी आणि ऊसतोडकरी



आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामतीत मुक्काम करते, बेलवाडीच्या रिंगणानंतर निमगाव केतकीवरून इंदापुरास पोहोचते. त्या दिवसांत अनोळखी वारकऱ्यासाठी शाळा, देवळे आणि घरांचे ओटे मोकळे होतात. दिवाळीच्या आगेमागे याच मुलुखात दुसरी माणसे येतात. बीड, अहिल्यानगरकडून कोयता घेऊन आलेली ही कुटुंबे चार-पाच महिने राहतात. त्यांच्या वाट्याला गावाबाहेरचे रान आणि पाचटाची कोपी येते.

हा फरक स्वभावाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, भाटघर धरणाने ते वाढविले, आणि १९५० नंतरच्या दशकात माळेगाव व भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. जमीन असणारा सभासद झाला, त्याला मत मिळाले. कारखान्यातील कामगाराने संघटनेच्या बळावर काही हक्क मिळविले. वालचंदनगरला तर कारखान्याभोवती वसाहत, शाळा आणि दवाखानाही आला. ऊस तोडणारा मात्र मुकादमाच्या उचलीने बांधलेला. कागदोपत्री तो कारखान्याचा कामगारच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. म्हणजे बाईच्या श्रमाला स्वतंत्र नावही नाही.

याची किंमत शरीराला मोजावी लागते. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पहाटेपासून फडात राबायचे, शौचालय नाही, विश्रांती नाही, खाडा झाला तर पैसे कापले जाणार! अशा स्थितीत आजार हा व्यक्तीचा दोष कसा मानावा? २००९ च्या कायद्याने मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. पण कोपीवर धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलीपर्यंत तो पाळणाघराशिवाय पोहोचणार नाही.

तात्पर्य, गावाचे कल्याण साखरेच्या पोत्यांवरून मोजता येत नाही. सर्वांत शेवटी आलेल्या माणसाला तेथे पाणी, निवारा आणि बोलण्याचा अधिकार आहे काय, हीच कसोटी होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात कोप्यांवर जावे. मुले, गरोदर स्त्रिया, पाण्याचे अंतर यांची नोंद करून ती ग्रामसभेपुढे आणि कारखान्याच्या संचालकांपुढे ठेवावी. वारकऱ्याला जे श्रद्धेने मिळते, ते श्रमिकाला हक्काने मिळाले पाहिजे.