उत्तराधिकाराचा प्रश्न : सिंगापूर आणि आपली चळवळ

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



ज्या देशात आपण राहतो, त्या देशाच्या सत्ताधारी पक्षात गेल्या काही वर्षांत नेतृत्वाचा पालट झाला. हा पालट सुबत्तेच्या दिवसांत झाला नाही. महामारी, महागाई आणि जागतिक व्यापारातील वादळे यांच्या सावटाखाली तो झाला. आपल्यापैकी बहुतेकांस येथे मताधिकार नाही. येथील पक्षीय राजकारणात आपण पडत नाही आणि पडूही नये. परंतु डोळे उघडे ठेवून शिकण्यास कोणाचा मज्जाव नाही. बाबासाहेबांनी न्यूयॉर्क आणि लंडन येथील वास्तव्यात तेथील संस्था अभ्यासल्या त्या आपल्या समाजाच्या उत्थानासाठीच. त्याच भावनेने आम्ही हा विषय आपणांपुढे मांडत आहोत.

पीपल्स ॲक्शन पार्टी हा पक्ष १९५४ साली स्थापन झाला आणि १९५९ पासून आजतागायत सत्तेवर आहे. एवढ्या दीर्घ काळात या देशाला केवळ चार पंतप्रधान लाभले : ली क्वान यू, गोह चोक टोंग, ली सिएन लूंग आणि लॉरेन्स वाँग. म्हणजे येथे नेतृत्वाचा पालट ही पिढीतून एखाद्या वेळी घडणारी घटना आहे आणि म्हणूनच तिची तयारी वर्षानुवर्षे चालते.

पहिला पालट पाहू. डिसेंबर १९८४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सत्ताधारी पक्षाची मते सुमारे १३ टक्क्यांनी घसरली. त्याच महिन्याच्या अखेरीस दुसऱ्या पिढीतील मंत्री एकत्र बसले आणि त्यांनी गोह चोक टोंग यांस आपला नेता निवडले. ली क्वान यू यांची पहिली पसंती टोनी टॅन यांना होती व ती त्यांनी १९८८ साली जाहीरपणे सांगितलीही. परंतु सहकाऱ्यांचा निर्णय त्यांनी मोडला नाही. लगेच १९८५ साली मंदी आली. स्वातंत्र्यानंतरची ती पहिलीच मोठी मंदी. १९८६ साली मालकांनी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीत भरावयाचा वाटा २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्यात आला. उद्योग सावरले, परंतु सावरण्याची किंमत कामगाराच्या म्हातारपणाच्या पुंजीतून गेली, हे आपण विसरू नये. आर्थिक संकटात नेता कोण असावा हा प्रश्न श्रीमंतांच्या कुतूहलाचा असेल. गरिबांच्या मात्र तो पोटाचा असतो. गोह १९९० साली पंतप्रधान झाले. मध्ये सहा वर्षे गेली, पण पक्ष फुटला नाही.

आता अलीकडचा पालट. नोव्हेंबर २०१८ मध्ये पक्षाच्या चौथ्या पिढीने हेंग स्वी किअट यांस आपला म्होरक्या ठरविले. ते अर्थमंत्री होते. २०२० साली कोरोनाची साथ आली, अर्थव्यवस्था सुमारे चार टक्क्यांनी आक्रसली आणि त्या एकाच वर्षात हेंग यांस एकामागून एक अर्थसंकल्प मांडावे लागले. देशाच्या राखीव गंगाजळीतून ५२ अब्ज सिंगापूर डॉलरपर्यंत रक्कम काढण्यास राष्ट्राध्यक्षांची संमती घेण्यात आली. याच वर्षी परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत साथीने थैमान घातले. एकेका खोलीत दाटीने राहणाऱ्या त्या श्रमिकांत आपल्या देशातील माणसेही होती. जुलै २०२० च्या निवडणुकीत पक्षाची मते ६१.२४ टक्क्यांवर आली आणि विरोधी वर्कर्स पार्टीचे दहा सभासद निवडून आले. पुढे ८ एप्रिल २०२१ रोजी हेंग यांनी स्वतःहून माघार घेतली. त्या वर्षी ते साठीचे होणार होते. साथीनंतरच्या दीर्घ वाटचालीसाठी अधिक तरुण माणूस हवा, असे कारण त्यांनी दिले.

ठरलेला वारस निघून गेला, साथ संपलेली नव्हती आणि नाव कोणाचेच निश्चित नव्हते. दुसरीकडे असे झाले असते तर दोन-चार गट पडले असते, पत्रके निघाली असती, निष्ठावंतांच्या सभा भरल्या असत्या. येथे काय झाले? माजी मंत्री आणि पक्षाचे माजी अध्यक्ष खॉ बून वान यांच्यावर सल्लामसलतीचे काम सोपविण्यात आले. ते स्वतः स्पर्धेत नव्हते. त्यांनी १९ जणांची एकेकट्याने भेट घेतली. त्यांत मंत्री होते, संसदेचे सभापती होते आणि कामगार संघटनांच्या महासंघाचे सरचिटणीस होते. पंतप्रधान आणि दोन ज्येष्ठ मंत्री यांस त्यातून वगळण्यात आले. स्वतःचे नाव सोडून पसंती सांगावी, असा दंडक होता. १९ पैकी १५ जणांनी लॉरेन्स वाँग यांचे नाव घेतले. एप्रिल २०२२ मध्ये निर्णय जाहीर झाला, १५ मे २०२४ रोजी वाँग पंतप्रधान झाले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने जगभरच्या मालावर आयातशुल्क लादले, व्यापारावर जगणाऱ्या या बेटाच्या पोटात गोळा आला आणि अशा वेळी, ३ मे २०२५ रोजी, निवडणूक झाली. पक्षास ६५.५७ टक्के मते आणि ९७ पैकी ८७ जागा मिळाल्या.

आमच्या मते या हकिकतीत सर्वांत मोलाची गोष्ट जिंकणाऱ्याची नसून मागे राहिलेल्यांची आहे. हेंग माघारीनंतरही उपपंतप्रधान म्हणून २०२५ पर्यंत काम करीत राहिले. स्पर्धेत ज्यांची नावे घेतली जात होती ते चॅन चून सिंग आणि ओंग ये कुंग वाँग यांच्या मंत्रिमंडळात राहिले. टोनी टॅन तर पुढे गोह यांचे उपपंतप्रधान झाले आणि २०११ साली देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. पद गेले म्हणून कोणी घर सोडले नाही.

परंतु बंधुभगिनींनो, आम्ही येथे कोणाची आरती ओवाळण्यास उभे नाही. या पद्धतीची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. १९५७ साली पक्षाच्या कार्यकारिणीवर डाव्या गटाने निम्मा ताबा मिळविला. त्या अनुभवानंतर पक्षात निवडक सभासदांचा एक वेगळा वर्ग निर्माण करण्यात आला आणि कार्यकारिणी निवडण्याचा अधिकार त्यांनाच देण्यात आला. त्या निवडक सभासदांची निवड वरूनच होते. शिस्त आली, पण दार लहान झाले. देशाचा पंतप्रधान कोण, हे १९ जणांच्या पसंतीने ठरले.

बंद दाराआड निर्णय होतो तेव्हा लोकांच्या मनात काय आहे याचा अंदाजही दाराआडचेच बांधतात. मार्च २०१९ मध्ये एका विद्यापीठातील चर्चेत हेंग म्हणाले होते की जुन्या पिढीचे नागरिक चिनी वंशाबाहेरचा पंतप्रधान स्वीकारण्यास तयार नाहीत. तमिळ वंशाचे थर्मन षण्मुगरत्नम हे त्या काळी अत्यंत लोकप्रिय मंत्री होते. आपण त्या पदासाठी योग्य नाही, असे त्यांनी स्वतःच २०१६ साली सांगून टाकले होते. पुढे १ सप्टेंबर २०२३ रोजी राष्ट्राध्यक्षपदासाठी लोकांनी प्रत्यक्ष मतदान केले, तेव्हा थर्मन यांस ७०.४ टक्के मते मिळाली. राष्ट्राध्यक्षपद हे पंतप्रधानपद नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही ‘समाज अजून तयार नाही’ हे वाक्य आपल्या कानांस फार ओळखीचे आहे. चवदार तळ्यावर समाज तयार नव्हता, काळाराम मंदिरात समाज तयार नव्हता. लोकांना विचारल्यावाचून त्यांचे उत्तर गृहीत धरू नये, एवढाच बोध येथे घ्यावयाचा.

आता आम्ही आपल्या घराकडे वळतो, कारण त्यासाठीच हा सारा ऊहापोह केला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे त्यांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि अल्पावधीतच ‘दुरुस्त’ व ‘नादुरुस्त’ असे शब्द आपल्या राजकारणात आले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा जो लढा उभा राहिला, त्याने आपली शक्ती सिद्ध केली. पण पक्षातील फूट थांबली नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. महाराष्ट्र तेव्हा भीषण दुष्काळात होरपळत होता, आपली माणसे खडी फोडण्याच्या कामावर जात होती. दोन वर्षांत, १९७४ साली, पँथरही फुटली. १९८२ साली गिरणी संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. शिवाशिवीपायी आपल्या माणसांस ज्या गिरण्यांच्या विणाई खात्यात एकेकाळी शिरू दिले नव्हते, त्याच गिरण्यांवर चाळीचाळींतील आपल्या घरांची चूल पेटत होती. ती विझली तेव्हा त्या घरांसाठी एका आवाजात बोलणारा आपला पक्ष कोठे होता?

आणि एकीचे फळही आपण पाहिले आहे. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत ऐक्य साधले तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चार जण महाराष्ट्रातील खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. ते ऐक्य टिकले नाही. दोष एका व्यक्तीचा नव्हे, म्हणून आम्ही कोणाही एकाकडे बोट दाखवीत नाही. नेता कसा निवडावा, किती काळ ठेवावा, मतभेद कोठे मांडावा आणि हरलेल्याने काय करावे, याचा सर्वमान्य नियमच आपण घडविला नाही. नियम नसला की वारसा सांगण्याची स्पर्धा सुरू होते आणि बाबासाहेबांच्या नावावर प्रत्येक जण आपला सातबारा दाखवू लागतो.

वास्तविक आपल्याजवळ या प्रश्नाचे उत्तर अडीच हजार वर्षांपासून आहे. मज्झिम निकायात एक प्रसंग आहे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे मगधाचा महामात्य वस्सकार भदंत आनंदांस विचारतो : माझ्यामागे हा तुमचा आधार, असे सांगून भगवंतांनी कोणा भिक्खूची नेमणूक केली आहे काय? आनंद सांगतात, नाही. मग संघाने तसा कोणी निवडला आहे काय? नाही. मग आधारावाचून तुमचे ऐक्य टिकते कसे? आनंद उत्तर देतात की आम्ही निराधार नाही, धम्म हा आमचा आधार आहे. आणि ते केवळ तत्त्व सांगून थांबत नाहीत. उपोसथाच्या दिवशी एका क्षेत्रातील सर्व भिक्खू एकत्र जमतात, नियमांचे पठण होते, ज्याच्याकडून उल्लंघन झाले असेल त्याच्याशी धम्मानुसार व्यवहार होतो, ही कार्यपद्धतीही ते समजावून देतात. ठरलेला दिवस, ठरलेले नियम, सर्वांची उपस्थिती. संघ यावर टिकला.

बाबासाहेबांनी हेच आधुनिक भाषेत सांगितले. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेचा समाचार घेतला आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. १९५६ साली, प्रकृती खालावलेली असताना, त्यांनी राजकारणात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी मुंबईत प्रशिक्षण विद्यालय काढले. वारसाचे नाव सांगण्याऐवजी त्यांनी कार्यकर्ते घडविण्याची सोय केली. ते काम पुढे नेणे आपले होते.

सिंगापूरकडून नियम आणि संयम घ्यावा, पण दार मात्र मोठे ठेवावे, असे आमचे मत आहे. याचा प्रारंभ दिल्ली-मुंबईतील नेत्यांस उपदेश करून होणार नाही. तो आपल्या या लहानशा संस्थेपासून व्हावा. आपल्यासारख्या संस्थांत निवडणूक बिनविरोध होते, याचा आपण अभिमान बाळगतो. पुष्कळदा त्याचे कारण एकमत नसते. जबाबदारी घेण्यास कोणी पुढे येत नाही, हे असते. मग तेच हात वर्षानुवर्षे राबतात, थकतात आणि एके दिवशी रागावून दूर होतात. उद्या मंदी आली, कोणा बांधवाची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर येथे राहण्याचा परवानाही गेला, तर त्या कुटुंबामागे उभी राहणारी संस्था तेव्हा शाबूत असली पाहिजे.

म्हणून आम्ही तीन सूचना करतो. पदाधिकाऱ्यांची मुदत घटनेत लिहावी आणि ती संपताच पद सोडावे. प्रत्येक पदाबरोबर एक तरुण सभासद, आणि त्यांत निम्म्या भगिनी, कामकाज शिकण्यासाठी नेमाव्यात. आणि जो निवडणुकीत पराभूत होईल, त्याच्यावर सभेने त्याच दिवशी एखादे काम सोपवावे व त्याने ते स्वीकारावे. तिसरी सूचना सर्वांत अवघड आहे, हे आम्ही स्वानुभवाने जाणतो. पण आपली अधिवेशने नेमकी त्याच ठिकाणी मोडली आहेत.



जय भीम! नमो बुद्धाय!