खिळ्यांची फळी

(मंडळाच्या मागील गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तोंड एकाचे असले तरी आज बोलणार आहे ते आमचे सारे घर. म्हणजे दादा, ताई, आम्ही आणि शिकागोजवळ राहणारा आमचा धाकटा भाऊ. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही फोनवर 'पिनबॉल' असे सांगितले. त्यांनी फलकावर 'व्हॉलीबॉल' लिहिले. तो फलक दोन दिवस तसाच होता, त्यामुळे आज काही तरुण मंडळी चुकून आली आहेत. त्यांनीही बसावे, कारण चेंडू यातही आहे, फक्त लोखंडाचा.

पिनबॉल म्हणजे काय ते आधी सांगतो. एक मोठी पेटी, चार पायांवर उभी, वर काच. आत किंचित उतरती फळी. खालच्या कोपऱ्यातला दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर जाते आणि खिळ्यांना, रबरांना, घंट्यांना आपटत खाली येते. खाली दोन पंजे असतात, बाहेरून बटण दाबले की ते उडतात. गोळी पंजांमधून निसटली की गेली. जितका वेळ ती वर ठेवाल तितके गुण. बस, इतकाच खेळ. आणि या पेट्या लोक आज अमेरिकेत, युरोपात आपल्या घरात आणून ठेवतात, एक नाही, चार-चार, पाच-पाच. एका पेटीचे वजन १०० किलोच्या वर. नवी घ्यायची तर सहा-सात हजार डॉलर, म्हणजे आपल्याकडे बरी मोटार येईल. हे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे वेडे फक्त आपल्याच घरात नाहीत."

आता तुम्ही म्हणाल, बोरगावात बसून आम्हाला याचे काय? तर या पिनबॉलचा आजा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होता. बॅगाटेल! सुट्टीत मामाच्या गावी, पलंगाखालून काढलेली ती अर्धगोल डोक्याची फळी, खिळ्यांची कुंपणे, त्यात लिहिलेले ५०, १००, २५०. मागच्या रांगेतल्या काका-मावश्यांच्या चेहऱ्यावरून कळते आहे की आठवले. हे नाव फ्रेंच आहे. १७७७ साली पॅरिसजवळ बागातेल नावाचा एक छोटा महाल बांधला गेला, तिथे राजाराणीपुढे हा खेळ मांडला म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. तेव्हा गोळी काठीने ढकलत. पुढे १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसाने पेटंट घेतले. त्याने काठी काढून स्प्रिंगचा दांडा बसवला. आमच्या मामाकडच्या फळीवर जो दांडा होता तो याचाच.

आमच्या घरची फळी मात्र बाजारातली नव्हती. ती बाबांनी केली. बाबा इथल्याच औद्योगिक क्षेत्रात एका कारखान्यात फिटर होते. पॅकिंगच्या खोक्याचे प्लायवुड, सायकलच्या स्पोकचा दांडा, कुठल्या तरी व्हॉल्व्हची टाकून दिलेली स्प्रिंग आणि फुटलेल्या बेअरिंगमधल्या पाच गोळ्या. खिळे ठोकायला त्यांना तीन रविवार लागले. ठोकायला वेळ लागत नाही, कुठे ठोकायचा हे ठरवायला लागतो. शंभराच्या घराचे तोंड गोळीपेक्षा केसभर मोठे ठेवले तर सगळ्यांना शंभर मिळतात, केसभर लहान ठेवले तर कुणालाच नाही. बाबा खिळा अर्धा ठोकायचे, वीस वेळा गोळी सोडायचे, मग उपटून बाजूला सरकवायचे. आम्ही भावंडे वहीत गुण मांडायचो. पुढे आम्ही पॉलिटेक्निकला डिप्लोमा केला, शासनात उपयंत्री झालो, गावोगावच्या नळयोजना पाहिल्या. पण 'करून पाहा, मोजा, मग सरकवा' हा पहिला धडा त्या फळीवरचा.

आता १९९२ सालच्या गणपतीची गोष्ट. इथे बसलेल्या काहींना ती आठवते, आणि आज आम्ही ती बोलणार हे त्यांना आधी घरी जाऊन सांगून आलो आहोत.

त्या वर्षी मंडपाच्या डाव्या कोपऱ्यात आम्ही मुलांनी ती फळी मांडली. चार आण्यांत पाच गोळ्या, पाचशेच्या वर गुण झाले तर एक पेन्सिल, जमलेले पैसे मंडळाच्या पेटीत. बाबा तेव्हा खजिनदार होते, त्यांचीच परवानगी. तीन दिवस रांग लागली. चौथ्या दिवशी मोठी मुले आली आणि त्यांनी आपसात पैज लावायला सुरुवात केली. आधी रुपया, मग दोन. पाचव्या दिवशी एक मुलगा किराण्याला दिलेले दहा रुपये हरला. त्याची आई आरतीच्या वेळी मंडपात आली. ती ओरडली नाही. बाबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, गणपतीपुढे जुगार का?"

रात्री ज्येष्ठांची बैठक झाली. फळी बंद. बाबांनी एक शब्द बोलला नाही. दहा रुपये स्वतःच्या खिशातून त्या घरी पोचते केले, घरी आले, अंगणात दिवा लावला आणि संडशीने एकेक खिळा उपटला. आम्ही चौघे दारात उभे. दादा रडत म्हणाला, "पैज त्यांनी लावली, शिक्षा आम्हाला का?" बाबा म्हणाले, "ठोकलेला खिळा चुकीच्या जागी लागला तर काढावा लागतो." त्यानंतर ती फळी धान्याच्या कोठीवर झाकण म्हणून गेली. आम्हाला त्या वेळी बाबांचा फार राग आला होता. चार लोकांसमोर ते आमच्या बाजूने बोलले नाहीत, हे कितीतरी वर्षे मनात राहिले.

ही गोष्ट आम्ही आमच्याच गावची समजत होतो. पण हेच जगातल्या मोठ्या शहरात घडून गेले होते. १९३१ साली शिकागोत गॉटलीब नावाच्या गृहस्थाने टेबलावर मावेल असे नाणे टाकून खेळायचे यंत्र काढले, नाव 'बॅफल बॉल'. मंदीचे दिवस, लोकांच्या हाताला काम नाही, सेंटभर पैशात दोन घटका करमणूक. यंत्रे हजारोंनी खपली. त्या यंत्रांना पंजे नव्हते. गोळी सुटली की पुढचे सगळे नशीब, अगदी आपल्या फळीसारखे. साहजिकच पैजा लागल्या, मुलांचे खाऊचे पैसे जाऊ लागले. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली बंदी आणली. पोलिसांनी यंत्रे उचलली, घणाने फोडली, आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. चौतीस वर्षे! आपल्या मंडळाची बंदी आजपर्यंत धरली तर न्यूयॉर्कच्या जवळपासच जाते.

बंदी उठली कशी, हे ऐकण्यासारखे आहे. मधल्या काळात, १९४७ साली, 'हम्प्टी डम्प्टी' नावाच्या यंत्रावर पहिल्यांदा विजेवर उडणारे पंजे आले. त्या क्षणापासून खेळाडूच्या हाताला काम मिळाले. १९७६ साली रॉजर शार्प नावाच्या तरुणाने न्यूयॉर्कच्या नगरसेवकांसमोर यंत्र मांडून खेळून दाखवले. गोळी कोणत्या वाटेने जाणार ते आधी सांगितले आणि दांडा ओढून त्याच वाटेने पाठवली. नशीब नाही, कसब आहे, एवढे सिद्ध झाले. पुढे शार्प स्वतःच म्हणत आले की त्या नेमक्या गोळीत नशिबाचाही वाटा होता. आम्हाला हे फार आवडले. आपल्याकडे सरकारी चाचणीच्या दिवशी बोअरला नेमके पाणी लागते, त्यातला प्रकार.

मग हे यंत्र दुकानातून घरात कसे आले? व्हिडिओ गेम आले, मग घरोघरी संगणक आले, दुकाने बंद पडली. १९९२ साली, म्हणजे आमची फळी बंद झाली त्याच वर्षी, 'अ‍ॅडम्स फॅमिली' नावाचे एक यंत्र निघाले आणि वीस हजारांवर खपले. पण तो दिव्याचा शेवटचा भडका. १९९९ मध्ये विल्यम्स या जुन्या कंपनीने पिनबॉल बनवणे सोडले, आणि काही वर्षे जगात मोठी म्हणावी अशी स्टर्न ही एकच कंपनी उरली. दुकानदारांनी जुनी यंत्रे मिळेल त्या भावाने काढली. ती घेतली कुणी? ज्यांनी पोरवयात त्यावर नाणी घालवली होती, त्यांनी. आता ते पन्नाशीत आले, घर झाले, तळघर मोकळे. एक आणले, दुरुस्त केले, की दुसरे येते. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी तर मागणी आणखी वाढवली. आज पुन्हा अनेक कंपन्या नवी यंत्रे बनवतात आणि त्यांतली पुष्कळशी थेट घरात जातात.

आमचा धाकटा त्यातलाच. शेजाऱ्याच्या तळघरात तीन यंत्रे पाहिली आणि त्याला कोठीवरचे झाकण आठवले. त्याने सत्तरच्या दशकातले एक जुने यंत्र घेतले. त्यात संगणक नाही, सगळे रिले, तारा आणि फिरती चक्रे. तीन माणसांनी जिन्यातून उतरवले. आठव्या दिवशी रात्री अकराला त्याचा फोन, "भाऊ, धूर येतोय."

आम्ही व्हिडिओवर पाहिले. डावा पंजा उडाला की चिकटून राहत होता, कॉइल जळाली होती. त्या कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. जाड तारेचे जोर लावायला, बारीक तारेचे नुसते धरून ठेवायला. पंजा पूर्ण वर गेला की एक छोटी पत्ती उघडते आणि बारीक वेटोळे मार्गात येऊन प्रवाह कमी करते. ती पत्ती वाकली होती, उघडतच नव्हती, म्हणून सगळा भार जाड तारेवर. आमच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये संपर्क चिकटला की कॉइल अशीच जळते. सौंसर तहसिलीतले गावपंप सांभाळून मिळालेले ज्ञान शिकागोच्या तळघरात कामाला आले. नवी कॉइल बसली, पत्ती सरळ झाली, आणि धाकट्याने फोन यंत्रावर ठेवून आम्हाला घंटा ऐकवली. तेव्हा आमच्याकडे पहाट होऊन आई उठली होती. ती म्हणाली, "हा आवाज तर आपल्या पोरांचा."

जुन्या वस्तू घरात जमवणाऱ्या माणसाला आपण हसतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनाही लोक हसले असतील. चष्म्याचा व्यवसाय, 'अज्ञातवासी' नावाने कविता, आणि गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वाद्ये, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करायची. वीस हजारांवर वस्तू झाल्या, आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे राहिले. आपल्याला त्याहून जवळचे म्हणजे नागपूरचे मोतीबाग. आपण ज्या छोट्या गाडीने नागपूर-छिंदवाडा केले ती २०१५ च्या अखेरीस बंद झाली. आता ती छोटी इंजिने पाहायची तर त्या नॅरोगेज संग्रहालयात जावे लागते. त्या गाडीने प्रवास करायला मात्र मिळत नाही. खेळाचे तसे नाही. काचेआड ठेवलेले पिनबॉल म्हणजे नुसते कपाट. ते कुणीतरी खेळले पाहिजे, बिघडले पाहिजे, दुरुस्त झाले पाहिजे. म्हणून ते घरातच नीट राहते असे आमचे मत आहे. दादाचे मत वेगळे आहे, तो म्हणतो की घरात फक्त घरचेच खेळतात.

बाबा जाऊन आता तीन वर्षे झाली. वाटणीत भांडण झाले नाही, शेत-घर सगळे चहाच्या एका बैठकीत झाले. शेवटी ताईने त्यांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी डालडाचा डबा, त्यात ते सगळे खिळे, सरळ करून, तेल लावून ठेवलेले. चिंधीत गुंडाळलेला दांडा, स्प्रिंग आणि पाच गोळ्या. आम्ही चौघेही काही बोललो नाही. मग धाकटा म्हणाला, "मला दुसरे काही नको. फळी द्या." त्याच वेळी दादाही म्हणाला, "फळी माझ्याकडे राहील."

तेव्हापासून हे चालू आहे. धाकट्याचे म्हणणे, त्याला जतन करता येते, त्याच्याकडे जागा आहे, आणि हा छंद त्याचाच आहे. दादाचे म्हणणे, खिळे उपटताना रडलो मी. दोघेही बरोबर आहेत, हीच अडचण. दुसरी करून घ्या असे आम्ही सुचवले, तर दोघांनीही आमच्याकडे असे पाहिले की पुन्हा तोंड उघडले नाही.

या उन्हाळ्यात निदान दुरुस्ती तरी केली. भोके जुनीच, पण सैल झालेली. प्रत्येक भोकात काडेपेटीची काडी आणि फेव्हिकॉल, रात्रभर सुकवून मग त्याच भोकात तोच खिळा. कोठीच्या ओलीने एक कोपरा फुगला होता, तो दाबून बसवला. कारखान्यातल्या पिनबॉलचा उतार साडेसहा अंशांचा धरतात. दादाने मोबाइलवर आमच्या फळीचा मोजला, तर सात भरला. बाबांनी दोन पाट खाली सरकवून नुसत्या नजरेने ठेवला होता. शंभराच्या घराचे तोंड मात्र आम्ही मोजले नाही. गोळी सोडून पाहिली, वीस वेळा. ताईने वहीत मांडले.

ज्यांच्या आईने १९९२ साली मंडपात येऊन विचारले, ते गृहस्थ आज इथे आहेत. नाव घेत नाही. आम्ही त्यांच्याकडे जाऊन परवानगी मागितली. त्यांनी थोडा वेळ घेतला, मग म्हणाले, "पैसे ठेवू नका, आणि पहिली गोळी मला सोडू द्या."

तर फळी मंडपात त्याच डाव्या कोपऱ्यात मांडली आहे, पडदा टाकला आहे तिथे. पैसे नाहीत, पेन्सिलही नाही. एका वेळी पाच गोळ्या, मग पुढच्याला जागा द्यावी. दांडा अर्धाच ओढा, स्प्रिंग जुनी आहे. धाकटा सातव्या दिवशी येतो आहे, विसर्जनापर्यंत राहील. फळी कुठे जाणार हे तेव्हा दादा आणि तो बसून ठरवतील. आम्ही मध्ये पडणार नाही. आता कार्यवाहांनी पडदा काढावा.