दिवसाचा स्नो आणि रात्रीचें क्रीम

मुंबईहून निघालेली गाडी थळघाट चढून इगतपुरीच्या स्टेशनांत शिरली म्हणजे प्रवाशाला पहिली जाणीव होते ती हवा बदलल्याची. कसाऱ्यापर्यंत घामानें अंगाला चिकटलेला सदरा येथें वाऱ्यानें सुटा होतो. आणि दिवस पौष-माघांतले असतील तर दोन दिवसांच्या मुक्कामांतच गाल ताणल्यासारखे वाटतात, ओठ उलतात व हनुवटीवर पांढरे पापुद्रे दिसूं लागतात. १८६५ सालीं या घाटांतून रेल्वे वर आली. तेव्हांपासून मुंबईच्या दमट हवेंत चालणाऱ्या पुष्कळशा वस्तु लोकांनीं इगतपुरीस आणून पाहिल्या. तोंडाला लावावयाचीं क्रीमें त्यांतलींच.

समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवरचें हें गांव. पावसाळ्यांत येथें तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो, दांडीवरचे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहींत आणि धुक्यांत समोरचें घर दिसत नाहीं. दिवाळी उलटली कीं तेंच गांव कोरडें पडतें. एकाच चेहऱ्याला वर्षांतून दोन अगदीं निराळीं हवामानें सोसावीं लागतात. म्हणून दिवसाचें क्रीम कोणतें निवडावें हा प्रश्न येथील घरांतून जितक्या नेमकेपणानें विचारला जातो, तितका तो मुंबईंत क्वचितच विचारला जात असेल.

एका घरांतला प्रसंग नमुन्यादाखल घ्यावा. सून सकाळच्या गाडीनें नाशकास नोकरीला जाते. आरशाशेजारीं तिच्या दोन डब्या आहेत. सासूबाई म्हणतात, "सूनबाई, तोंड एकच, आणि त्याला दिवसाची डबी वेगळी नि रात्रीची वेगळी! आमच्या वेळीं सायीवर भागत असे." सून हंसून म्हणते, "आई, तुमचंही बरोबर. पण परवां घाईंत मी रात्रीचं क्रीम सकाळीं लावून गेले, तर दुपारपर्यंत कपाळ कढईसारखं चकाकत होतं!" दोघींच्याहि बोलण्यांत तथ्य आहे. तें किती, हें पाहण्यापूर्वीं त्वचेची थोडी ओळख करून घेणें भाग आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तो कागदाहूनहि पातळ. पण शरीरांतील पाणी बाहेर उडून जाऊं नये म्हणून केलेली भिंत ती हीच. चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्यें म्हणजे चुना. हा चुना धड असला म्हणजे त्वचा मऊ राहते. वारंवार साबण लावला, कढत पाण्यानें तोंड धुतलें किंवा हवा कोरडी झाली, कीं चुना झडतो, भिंतींतून पाणी अधिक वेगानें उडतें, आणि विटांच्या कडा सुटून वर येतात. तेच ते पापुद्रे. क्रीमनें त्वचेला 'पोषण' मिळतें असें जाहिरातींत सांगतात, तें शब्दशः घेण्याचें कारण नाहीं. मृत पेशींना खाऊं घालतां येत नाहीं. क्रीमचें काम डागडुजीचें आहे. त्यांतील ग्लिसरीन पाणी धरून ठेवतें, तेलें फटींत बसून कडा मऊ करतात, आणि मेण किंवा पेट्रोलियम जेली वरून झांकण घालते. कोणत्याहि डबींत, ती शंभर रुपयांची असो वा तीन हजारांची, या तिहींचेंच कमीअधिक मिश्रण असतें.

दोन डब्यांची वहिवाट मात्र आजची नव्हे. तिचा उगम दोन निराळ्या पदार्थांत आहे. पहिला पदार्थ कोल्ड क्रीम. दुसऱ्या शतकांत रोम येथें वैद्यकी करणाऱ्या गॅलेन या ग्रीक वैद्याकडे त्याचें श्रेय जातें. मधमाशांचें मेण, ऑलिव्हचें तेल आणि गुलाबपाणी घोटून तें करीत. त्यांतलें पाणी तेला-मेणांत जेमतेम धरलेलें असे. अंगाच्या उबेनें तें सुटून उडून जाई व चेहऱ्याला गार वाटे, म्हणून तें 'थंड' मलम. पाणी उडालें तरी तेल आणि मेण मागें राहतच. आयुर्वेदांतील शतधौतघृत हें त्याचेंच चुलत भावंड म्हणावें. तांब्याच्या भांड्यांत तूप घेऊन तें पाण्यानें शंभर वेळां धुवावयाचें, म्हणजे तें पांढरें, हलकें आणि लोण्यासारखें मऊ होतें. कोंकणांत भेगांना लावतात तें कोकमाचें तेलहि थंडींत घट्ट राहून अंगाच्या उबेनें विरघळतें. हीं सर्व मलमें गुणी खरीं; पण तीं लावून उन्हाधुळींत हिंडणें म्हणजे चेहऱ्यावर रस्त्याची माती बसवून घेणें होय.

दुसरा पदार्थ व्हॅनिशिंग क्रीम. मेणबत्तींत असतें तें स्टिअरिक आम्ल घेऊन, त्याच्या थोड्या भागाचा क्षारानें साबण करावयाचा आणि उरलेलें आम्ल पाण्यांत बारीक कणांच्या रूपानें तरंगत ठेवावयाचें, अशी त्याची कृति. बोटावर त्याला मोत्यासारखी झांक असते, आणि चोळतांच तें दिसेनासें होतें. बर्फासारखें पांढरें म्हणून त्याला 'स्नो' हें नांव पडलें. १९१९ सालीं इब्राहीम सुलतानअली पाटणवाला यांनीं मुंबईंत 'अफगाण स्नो' बाजारांत आणला आणि तो घरोघर जाऊन पोहोंचला. मराठींत 'स्नो-पावडर' हा जोडशब्दच होऊन बसला. त्याचें कारण असें, कीं स्नोचा कोरडा थर पावडर धरून ठेवी, आणि कोल्ड क्रीमवर पावडरीचे ढलपे होत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पाँड्स या अमेरिकन कंपनीनें दोन्ही पदार्थांची जोडीनें जाहिरात केली: रात्रीं कोल्ड क्रीम, दिवसां व्हॅनिशिंग क्रीम. एकाच्या जागीं दोन डब्या खपविण्याची ही व्यापारी युक्ति होती यांत संशय नाहीं. परंतु ती निराधार नव्हती. चकाकी नको, पावडर बसली पाहिजे, ही दिवसाची गरज. आणि तेलाचें झांकण पुष्कळ वेळ राहिलें तरी चालेल, ही रात्रीची सोय. सूनबाईच्या कपाळाची कढई झाली ती याच भेदामुळें.

आज दिवसाच्या क्रीमवर याहून मोठी जबाबदारी आली आहे. ती उन्हाची. सूर्याच्या अतिनील किरणांपैकीं यूव्हीबी त्वचा भाजतात, आणि यूव्हीए खोलवर जाऊन डाग व सुरकुत्या वाढवितात. उंची हजार मीटरांनीं वाढली कीं हे किरण सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतात. या हिशेबानें इगतपुरीस ते मुंबईहून पांचसहा टक्के जास्त भरतील. हा फरक कांहीं भिण्यासारखा नाहीं. खरी फसगत होते ती थंडाव्यानें. अंगाला ऊन लागत नाहीं, म्हणून तें नाहींच असें माणूस समजतो. आणि पातळ ढगांतून अतिनील किरणांचा बराच मोठा भाग खालीं येतो याची त्याला कल्पनाहि नसते. गाडीच्या खिडकीशीं बसणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कांच यूव्हीबी बहुतेक अडविते, यूव्हीए पुष्कळसे आंत सोडते. सांवळ्या त्वचेंतील रंगद्रव्य तिला भाजण्यापासून बरेंच संरक्षण देतें. पण तेंच रंगद्रव्य चिथावलें गेलें म्हणजे वांग आणि काळे डाग उठतात, व बाळंतपणानंतर कित्येक बायकांच्या गालांवर ते ठाण मांडून बसतात. वांगाला दिसणारा प्रकाशहि वाढवितो. त्यासाठीं लोहाच्या ऑक्साइडची तपकिरी छटा असलेलें सनस्क्रीन साध्या पांढऱ्यापेक्षां अधिक उपयोगी पडतें.

डबीवरील एस्‌पीएफचा आंकडा मुख्यतः यूव्हीबीसंबंधीं असतो. १५ चा आंकडा सुमारें ९३ टक्के किरण अडवितो, ३० चा ९७ टक्के आणि ५० चा ९८ टक्के. तेव्हां ३० हून पुढें आंकडा दुप्पट झाला म्हणून संरक्षण दुप्पट होत नाहीं. आंकड्याच्या जोडीला यूव्हीए अडविण्याचा उल्लेख, म्हणजे 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द किंवा पीए आणि त्यापुढील अधिकाची चिन्हें, आहे कीं नाहीं तें पाहावें. हे आंकडे प्रयोगशाळेंत एका चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या जाडीनें लेप देऊन काढलेले असतात. घरांत लोक वाटाण्याएवढें क्रीम साऱ्या तोंडाला पुरवितात, आणि मग ३० चा आंकडा नांवापुरताच उरतो. तर्जनी व मधलें बोट यांवर मुळापासून टोंकापर्यंत दोन रेघा काढाव्या. चेहऱ्याला व मानेला मिळून साधारण तेवढें लागतें. एस्‌पीएफ असलेलें दिवसाचें क्रीम एवढें लावणें जड जात असेल, तर साधें हलकें मॉइश्चरायझर आधीं लावून त्यावर निराळें सनस्क्रीन लावणें बरें. दिवसभर उघड्यावर काम असेल तर तें दर दोन तासांनीं पुन्हां लावावें लागतें. पदर आणि छत्री यांना मात्र एस्‌पीएफ विचारावा लागत नाहीं.

रात्रीं ऊन नसतें, तेव्हां एस्‌पीएफ निरर्थक. रात्रीच्या वेळीं त्वचेंतून पाणी दिवसापेक्षां अधिक उडतें असें मोजमापांनीं दिसून आलें आहे; म्हणून जाड झांकण रात्रींच फायद्याचें. शिवाय कांहीं द्रव्यें रात्रींकरितांच राखून ठेवावीं लागतात. सुरकुत्यांवर वापरतात तें रेटिनॉल प्रकाशानें बिघडतें व त्वचेला हुळहुळी करतें. ग्लायकॉलिक आम्लासारखीं द्रव्यें वरचा थर पातळ करून त्वचेला उन्हापुढें दुबळी करतात. तीं लावणारीनें दुसऱ्या दिवशीं सनस्क्रीन टाळूं नये. गरोदरपणीं रेटिनॉलच्या वाटेसहि जाऊं नये. अशीं द्रव्यें ज्यांत नाहींत, तें 'नाइट क्रीम' म्हणजे बहुधा दिवसाचेंच क्रीम, जरा घट्ट केलेलें आणि निळ्या डबींत घातलेलें. तें सकाळीं लावल्यानें आकाश कोसळत नाहीं. आणि दिवसाचें साधें मॉइश्चरायझर रात्रीं लावल्यानेंहि कांहीं बिघडत नाहीं. एकाच डबीवर भागतें हा सासूबाईंचा मुद्दा येथें अर्ध्याहून अधिक खरा ठरतो. सायीचा आग्रह मात्र त्यांनीं सोडावा. ती रात्रभर नासते, आणि उशीला मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

'रात्रीचें क्रीम' या नांवाखालीं आणखी एक जिन्नस विकला जातो. त्याविषयीं घाईनें बोलून चालावयाचें नाहीं. अकोल्यांतील एका घरीं मुलगी, तिची आई आणि बहीण या तिघीजणी गोरेपणासाठीं एकच क्रीम लावीत असत. तें एका सौंदर्यप्रसाधिकेकडून आलेलें होतें. मुलीचा चेहरा उजळला, लोक वाखाणूं लागले, आणि तें पाहून बाकी दोघींनींहि तें सुरू केलें. २०२२ सालीं तिघींच्याहि मूत्रपिंडांना विकार जडल्याचें निघालें. एकाच घरांत तिघींना एकाच वेळीं असा आजार व्हावा हें डॉक्टरांना चमत्कारिक वाटलें. शोध घेतां घेतां मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीनें संशय त्या डबीवर येऊन ठेपला, आणि तपासणींत तींत पारा सांपडला. २०२३ च्या आरंभीं ही हकीकत वृत्तपत्रांतून आली. त्याच वर्षीं केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांतूनहि अशाच रुग्णांची नोंद झाली.

पारा रंगद्रव्य तयार होण्याची क्रियाच अडवितो, म्हणून चेहरा खरोखरच उजळतो. फसवणूक ती हीच. डबी खोटी ठरत नाहीं. तो त्वचेंतून रक्तांत जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवितो. मग लघवींतून प्रथिनें जातात, पाय सुजतात, आणि त्याचा संबंध तोंडाला लावलेल्या क्रीमशीं असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. भारतांत २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनीं, डोळ्यांचीं प्रसाधनें वगळतां, दहा लाखांत एक भाग, आणि तोहि नकळत राहिलेला, यापलीकडे पाऱ्याला जागा ठेवलेली नाहीं. पण ज्या डबीवर बनविणाराचा पत्ता नाहीं, परवान्याचा क्रमांक नाहीं, घटकांची यादी नाहीं, ती नियम पाळते कीं नाहीं हें कोण तपासणार?

पाऱ्याइतकें घातक नसलें तरी त्याहून कितीतरी घरोघर पसरलेलें दुसरें प्रकरण स्टेरॉइडाचें आहे. वांगावर डॉक्टर थोड्या दिवसांसाठीं देतात तें स्टेरॉइड-मिश्रित मलम एकीकडून दुसरीकडे जातें. वहिनीला गुण आला म्हणून नणंद आणते, आणि तें वर्षानुवर्षें रात्रीचें क्रीम म्हणून लावलें जातें. त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसूं लागतात, मुरमें व लव येते, आणि बंद करतांच चेहरा पेटतो, म्हणून तें पुन्हां लावावें लागतें. २०१८ सालीं सरकारनें अशीं अनेक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीहि घरांतील प्रत्येक नळीवरचीं बारीक अक्षरें एकदां चष्मा लावून वाचावीं. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकीं कोणतेंहि नांव दिसलें, तर तें क्रीम नव्हे, औषध आहे. तें पुष्कळ दिवस लावलें असल्यास आपल्या मनानें सोडूंहि नये. त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवून सोडावें.

आतां राहिली खरेदी. तिला फार वेळ लागूं नये. तेलकट व मुरमें येणाऱ्या चेहऱ्याला जेल किंवा पातळ लोशन, कोरड्या चेहऱ्याला क्रीम. सुगंध जितका कमी तितकें बरें. नवें क्रीम आठवडाभर रोज कोपराच्या आंतल्या बाजूस लावून पाहावें. खाज वा लाली आली नाहीं तरच चेहऱ्याला लावावें. तोंड धुतल्यावर कातडी किंचित ओली असतांनाच मॉइश्चरायझर लावलें म्हणजे थोडक्यांत भागतें.

इगतपुरीचें वेळापत्रक पंचांगाप्रमाणें चालतें. आषाढ-श्रावणांत हवाच इतकी ओली असते कीं पुष्कळांना दिवसां सनस्क्रीनखेरीज कांहीं लागत नाहीं, आणि रात्रीं तर कांहींच नाहीं. त्या दिवसांत जाड क्रीम लावलें तर घामोळें आणि पुळ्या येतात. कार्तिकापासून ग्लिसरीनचें लोशन, पौषांत त्यावर रात्रीं घट्ट क्रीम, ओठांना व टांचांना पेट्रोलियम जेली. चैत्रांत दुपारचें ऊन कडक आणि वारा कोरडा. तेव्हां सनस्क्रीनची दुसरी फेरी डब्याच्या सुटीनंतर. मृगाच्या सरी आल्या म्हणजे सूनबाईची रात्रीची डबी कपाटांत जाते, आणि उरलेलें क्रीम संपविण्यासाठीं सासूबाई तें आपल्या टांचांना लावतात.